फिट थांबवणारी गुंगीची औषधं : तुमचे अनुभव सांगाल का?

पाऊलवाट

मला शाळेत असल्यापासून अपस्मार आहे. फिट मोठ्या येतात, म्हणजे अंग ताठ होतं, मग झटके, शुद्ध पूर्ण हरपते. दोन औषधं वर्षानुवर्षं चालू होती. ती पुरेनाशी झाली तेव्हा क्लोबाझाम हे तिसरं, गुंगी आणणारं औषध जोडलं. मागच्या वर्षी एकदा फिट थांबेचना, एक संपते न संपते तोच दुसरी. मला आयसीयूत नेलं, औषधं देऊन झोपवून ठेवलं, श्वासासाठी नळी घातली. त्या दिवसांतलं मला जवळजवळ काही आठवत नाही, आणि जे आठवतं त्यातलं बरंचसं घडलेलंच नव्हतं असं घरचे सांगतात. माझ्या आठवणीत छतातून सतत पाणी ठिबकत होतं आणि कोणीतरी माझे हात बांधून मला कुठेतरी घेऊन चाललं होतं.

धागा काढायचं कारण असं की फिटबद्दल सगळे विचारतात, गुंगीबद्दल कोणी विचारत नाही. तपासणीला गेलं की पहिला प्रश्न "फिट आली का?" मी "नाही" म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि विषय तिथेच संपतो. फिट आली नाही याचा आनंद मलाही आहे, त्याबद्दल गैरसमज नको. पण सकाळी अकरापर्यंत माझ्या डोळ्यांवर झापड असते. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. हा आजार आहे, औषध आहे की मीच अशी झाले आहे, ते मला वेगळं करता येत नाही.

ज्यांनी ही औषधं घेतली आहेत त्यांनी लिहा: रोजची असोत, फिट आल्यावर द्यायची असोत किंवा आयसीयूतली असोत. सांभाळणाऱ्यांनीही लिहा. डोस कमी-जास्त करायचे सल्ले मला नको आहेत, त्यासाठी माझे डॉक्टर आहेत. मला अनुभव हवे आहेत.

---

रानपाखरू

पाऊलवाट, मी आईच्या बाजूने लिहिते. माझ्या मुलाला लहानपणापासून मोठ्या फिट येतात. आमच्याकडे नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो. एक घरी, एक त्याच्या शाळेच्या दप्तरात, एक माझ्या पर्समध्ये.

पहिल्यांदा वापरला तेव्हा माझे हात थरथरत होते. फिटची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की औषध दिलं आणि श्वास थांबला तर? ती भीती कोणी काढली असेल तर आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने. तिने मला रिकाम्या बाटलीवर सगळं करायला लावलं. आधी घड्याळ बघायचं. मग त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. डॉक्टरांनी वजनावरून जितके पफ लिहून दिलेत तितकेच, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. नवी बाटली असेल तर पंप आधी हवेत दाबून घ्यायचा, नाहीतर पहिल्या दाबाला औषध येतच नाही. औषध दिल्यावर बाजूला बसायचं आणि छाती वर-खाली होते का, ओठांचा रंग कसा आहे, ते बघत राहायचं.

औषधानंतर तो दोन-तीन तास गाढ झोपतो. उठल्यावर चिडचिडा असतो, चालताना भिंतीचा आधार घेतो, आणि फिटच्या आधीचं त्याला थोडं आठवतं, नंतरचं काहीच नाही. पहिल्या वेळी मी त्याला हाका मारून मारून उठवायचा प्रयत्न करत होते. आता नाही करत. श्वास नीट असेल, रंग ठीक असेल तर झोपू देते आणि मधूनमधून बघते.

एक वेगळी गोष्ट. त्याआधी त्याला रोज क्लोनाझेपाम होतं. त्याने फिट कमी झाल्या, पण लाळ इतकी गळायची की छातीत कफ साचायचा. तो लाळेचा त्रास औषधाचा असू शकतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. ज्यांची मुलं हे औषध घेतात त्यांनी याकडे लक्ष ठेवा.

---

माळरान

स्पष्ट लिहितो. मला अधूनमधून एखादी फिट आलेली चालेल, पण ही गुंगी नको. माझं काम आकड्यांचं आहे. क्लोबाझाम वाढवलं तेव्हापासून मी एकच हिशेब तीनदा तपासतो. सहकारी समजून घेतात, पण किती दिवस? फिट मिनिटाभरात येऊन जाते. गुंगी चोवीस तास असते. डॉक्टरांना हा हिशेब दिसत नाही.

---

भूलतज्ज्ञ

मी आयसीयूत काम करते. पाऊलवाटला जे आयसीयूत दिलं गेलं ते माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माळरान, तुमच्या मुद्द्याकडे शेवटी येते, तो मला महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली की ती स्वतःहून थांबण्याची शक्यता फार कमी होते. म्हणून २०१५ साली आयएलएई या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'स्टेटस एपिलेप्टिकस'ची, म्हणजे न थांबणाऱ्या फिटची, व्याख्या नव्याने केली. झटक्यांच्या मोठ्या फिटसाठी ५ मिनिटं ही उपचार सुरू करायची वेळ, आणि ३० मिनिटांपुढे मेंदूला दीर्घकाळची इजा होण्याचा धोका.

घाई कशासाठी, ते बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम, क्लोनाझेपाम, क्लोबाझाम ही सगळी बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातली औषधं गाबाचा परिणाम वाढवतात. पण ती काम करतात पेशीच्या पृष्ठभागावरच्या गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे गाबा जिथे येऊन बसतं त्या जागेवर, आणि फिट लांबत गेली की हे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. औषध रक्तात असतं, पण त्याला बसायला जागा उरत नाही. त्याच वेळी पेशींना चेतवणारे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. म्हणून पाचव्या मिनिटाला जो डोस पुरतो तो चाळिसाव्या मिनिटाला पुरेलच असं नाही. लवकर दिलेलं औषध हा कमी औषधाचा मार्ग आहे, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते.

रानपाखरूने श्वासाच्या भीतीबद्दल लिहिलंय. ती भीती खोटी नाही, ही औषधं श्वास मंदावू शकतात. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य वेदनाशामकं यांच्याबरोबर तर ती धोकादायकच ठरतात. पण चालू राहिलेली फिटही श्वास बिघडवते. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णवाहिकांमध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थांबत नसलेल्या फिटमध्ये काही रुग्णांना लोराझेपाम, काहींना डायझेपाम, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. रुग्णालयात पोचेपर्यंत फिट थांबलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५९, ४३ आणि २१ टक्के. श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडण्याचं प्रमाण औषध मिळालेल्या दोन्ही गटांत साधारण १० टक्के होतं, औषध न मिळालेल्यांत २२ टक्क्यांच्या वर. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा दुसरा फरक निर्णायक ठरला नाही, पण औषधामुळेच श्वास जास्त बिघडतो या समजुतीला त्यात कुठेच आधार नव्हता. भीतीपोटी अर्धाच डोस देणं हे आम्हाला वारंवार दिसतं, आणि त्याने दोन्हीकडून नुकसान होतं.

शिरेत सुई लागत नसेल तरी अडत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅम्पार्ट या अभ्यासात स्नायूत दिलेल्या मिडाझोलामने ७३ टक्के रुग्णांची फिट रुग्णालयात पोचण्याआधी थांबली होती, शिरेतल्या लोराझेपामने ६३ टक्के. शिरेतलं औषध एकदा गेलं की वेगानं काम करतं, पण झटके देणाऱ्या हातात सुई लावण्यातच वेळ जातो.

पहिल्या औषधाने नाही थांबली तर लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉसफेनिटॉइन शिरेतून देतात. २०१९ च्या एका मोठ्या तुलनेत ही तिन्ही सारखीच ठरली, प्रत्येकाने साधारण निम्म्या रुग्णांची फिट थांबली. उरलेल्यांसाठी आम्ही येतो. मिडाझोलाम थेंबाथेंबाने सतत, प्रोपोफॉल, थायोपेंटोन, कधी केटामाइन. एवढ्या खोल झोपेत रुग्ण स्वतः पुरेसा श्वास घेऊ शकत नाही, म्हणून नळी आणि व्हेंटिलेटर. डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या, तारा लावतो, कारण अंगाचे झटके थांबले तरी मेंदूतली फिट चालू असू शकते. साधारण एक-दोन दिवस शांत ठेवून मग औषध हळूहळू उतरवतो. थायोपेंटोन शरीरातल्या चरबीत साठतं, त्यामुळे ते बंद केल्यावरही काहींना जागं व्हायला दिवस लागतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तो काळ फार जड जातो. "औषध बंद केलंय तर डोळे का उघडत नाहीत?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि दर वेळी मी नव्याने समजावते, कारण तो विचारणं त्यांचा हक्क आहे.

पाऊलवाट, ते ठिबकणारं पाणी आणि बांधलेले हात. मिडाझोलाम नव्या आठवणी साठूच देत नाही. त्यात आजारपण, आवाज, सतत चालू असलेले दिवे, झोपेचं उलटं चक्र. यातून डिलिरियम, म्हणजे तात्पुरता भ्रम, होतो आणि मेंदू तुकड्यांतून भलतीच गोष्ट रचतो. हातांचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी रुग्णाने नळी ओढू नये म्हणून हात सैलसर बांधतात. म्हणजे तुमच्या आठवणीला कुठेतरी खरा धागा असू शकतो. काही आयसीयूत परिचारिका आणि नातेवाईक मिळून रुग्णाची रोजची डायरी लिहितात: आज काय झालं, कोण येऊन गेलं, नळी कधी काढली. पुष्कळ जणांना ती नंतर वाचून बरं वाटतं. घरच्यांना जे आठवतं ते आजही लिहून घेता येईल.

---

पाऊलवाट

डॉक्टर, हात बांधण्याबद्दल मी घरी विचारलं. बांधले होते. आई म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं. वाईट नाही वाटलं, उलट इतके महिने मी स्वतःच्या डोक्यावर जो संशय घेत होते तो कमी झाला. मनापासून आभार.

---

जुना_वाचक

मी इथला बहुधा सर्वात वयस्कर रुग्ण असेन. फेनोबार्बिटोनवर माझं सगळं तरुणपण गेलं आणि आजही त्याचा एक छोटा डोस चालू आहे.

हे औषध अपस्मारात आलं कसं, ते मला नेहमी विचार करायला लावतं. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान हे तरुण जर्मन डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डावर होते. रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून त्यांनी नव्यानेच आलेलं हे झोपेचं औषध दिलं, आणि लक्षात आलं की फिटही कमी झाल्या. त्याआधी होतं ब्रोमाइड, तेही १८५७ पासून आणि तेही सुस्त करणारंच. म्हणजे फिटवरच्या औषधांचा जन्मच गुंगीच्या औषधांतून झाला. १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं तेव्हा त्याचं मोठेपण हेच होतं की झोप न आणताही फिट रोखता येतात हे त्याने दाखवलं.

माझा अनुभव असा की पहिली काही वर्षं मी मंद आहे असंच सगळे समजत होते, मीसुद्धा. वर्गात पेंगायचो. पुढे एका डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन कमी करत दुसरं औषध आणलं, आणि ते कमी करण्याला महिनोन् महिने घेतले. मला त्या वेळी तो वेग असह्य वाटायचा. पण हे औषध शरीरातून फार सावकाश जातं आणि घाईने काढलं तर फिट उसळून येतात. ते धुकं विरलं तेव्हा मी चाळिशीत होतो. चाळिशीत मी नवी भाषा शिकलो. आधी शिकता आली नसती असं म्हणत नाही, पण आधी कोणी शिकवायला घेतलं नसतं.

अजून एक. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्यांनी हाडांकडे लक्ष द्यावं, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं, कारण फेनोबार्बिटोनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. काही लहान मुलं याने झोपाळू होण्याऐवजी उलट चळवळी आणि चिडकी होतात. पालक "मूल बिघडलं" म्हणतात. मूल बिघडलेलं नसतं.

---

चांदणवेल

शब्द न सापडणं माझ्याकडेही आहे. मी क्लोबाझाम आणि टोपिरामेट ही फिटची दोन्ही औषधं घेते, आणि शब्दांचा त्रास जास्त करून टोपिरामेटचा असू शकतो असं मला सांगितलं गेलं. पाऊलवाट, तुझी बाकीची दोन औषधं कोणती आहेत तेही डॉक्टरांबरोबर बघ. सगळा दोष एकाच गोळीवर टाकू नकोस.

---

भूलतज्ज्ञ

माळरान, तुमच्याकडे येते म्हटलं होतं.

गुंगीमुळे आयुष्य आक्रसतं हे खरं आहे आणि ते डॉक्टरांसमोर तुमच्याच शब्दांत मांडायला हवं. "एकच हिशेब तीनदा तपासतो" हे वाक्य तसंच्या तसं सांगा. "थोडी सुस्ती आहे" म्हटलं तर आम्ही मान हलवून पुढे जातो. औषध ठरवणं हा तुमचाही निर्णय आहे.

पण "एखादी फिट चालेल" याच्याशी मी सहमत नाही. कुठली फिट, ते आधी बघायला हवं. शुद्ध न हरपता हातात मुंग्या येणं वेगळं, आणि पूर्ण शुद्ध हरपून झटके येणं वेगळं. अपस्मारात अचानक होणारे मृत्यू, ज्याला सुडेप म्हणतात, त्यांचा सर्वात मोठा ज्ञात धोका म्हणजे ताबा नसलेल्या मोठ्या फिट, विशेषतः झोपेत येणाऱ्या. पाण्यात, जिन्यावर, वाहन चालवताना आलेली "एखादी" फिटही जिवावर बेतायला पुरते. तुमच्या फिट मोठ्या असतील तर गुंगी आणि फिट एवढ्या दोनच पर्यायांवर थांबू नका. तिसरा मार्ग मागा. औषध बदलणं, वेळ बदलणं, दोन औषधांतला परस्परपरिणाम तपासणं, योग्य दोन औषधांनी फिट आटोक्यात आल्या नसतील तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी. क्लोबाझामचं शरीरात जे रूपांतर होतं तेही गुंगी आणतं आणि मूळ औषधापेक्षा जास्त काळ टिकतं. काही लोकांत ते बाहेर टाकणारं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, आणि काही औषधंही त्याला मंदावतात. अशांना इतरांना सोसणारा डोस जड जातो. तसं असेल तर डोस तुमच्यासाठी चुकीचा आहे, तुमची सहनशक्ती कमी नाही.

---

माळरान

माझ्या मोठ्याच असतात. झोपेत जास्त. हे कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. भेटीची वेळ घेतो.

---

उंबरा

माझ्या भावाचं सांगते. प्रवासात त्याच्या क्लोनाझेपामच्या गोळ्या संपल्या. जवळच्या दुकानात मिळेनात, चिठ्ठी जुनी म्हणून देईनात. त्याला वाटलं दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आधी झोप उडाली, मग हात कापायला लागले, घाम, प्रचंड अस्वस्थता, आणि मग फिटमागून फिट. त्याला एरवी महिन्यातून एखादी यायची.

बेन्झोडायझेपिन रोज घेणाऱ्या शरीराला त्यांची सवय होते. यात व्यसनी असण्याचा संबंध नाही, शिस्तीत घेणाऱ्यालाही हे होतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने या सगळ्या कुळाच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा अधिक कडक केला, त्यात शरीराची ही सवय आणि एकदम बंद केल्यास येणाऱ्या जिवावर बेतणाऱ्या फिट यांचा उल्लेख आहे. आता त्याच्या पाकिटात ताज्या चिठ्ठीची प्रत आणि वेगळ्या डबीत राखीव गोळ्या असतात. उलटी झाली, पोट बिघडलं, गोळी पोटात टिकली नाही, तरी तो डॉक्टरांना फोन करतो. हेही तितकंच लागू आहे, फक्त विसरण्याचाच प्रश्न नसतो.

---

कवडसा

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. लिहू की नको असं झालं होतं.

मला फंक्शनल सीझर आहेत. म्हणजे झटके येतात, भान जातं, पण त्या वेळी मेंदूत अपस्मारासारखा विद्युत गोंधळ नसतो. ते कळायला व्हिडिओ ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रण आणि ईईजी एकाच वेळी, करावा लागला. त्याआधी कित्येकदा मला तातडीच्या विभागात नेलं आणि दर वेळी लोराझेपाम किंवा मिडाझोलाम मिळालं. झटके लांबले की अजून एक डोस. एकदा इतकी औषधं झाली की श्वास मंदावला आणि नळी घालायची वेळ आली. माझ्या झटक्यांवर त्या औषधांचा खरा उपयोग नव्हता, गुंगी मात्र पूर्ण मिळाली.

ज्यांनी दिलं त्यांच्यावर मी रागावलेली नाही. समोर झटके देणारा माणूस असताना थांबून राहणं शक्य नसतं. माझ्या घरच्यांनी मात्र "म्हणजे नाटक होतं का?" असं विचारलं, ते जास्त लागलं. नाटक नव्हतं. मला झटके थांबवता येत नव्हते आणि मी ते आणत नव्हते. आता मानसोपचार चालू आहेत, झटके बरेच कमी झाले आहेत. आणि हे लिहायला हवं: काही लोकांना दोन्ही प्रकार एकत्र असतात, त्यामुळे इथे वाचून कोणी स्वतःचं औषध बंद करू नये. औषधांनी काहीच फरक पडत नसेल तर व्हिडिओ ईईजीबद्दल विचारा. घरच्यांनी मोबाइलवर केलेलं चित्रण डॉक्टरांना दाखवा, माझ्या बाबतीत पहिली शंका त्यातूनच आली. त्यात माझे डोळे घट्ट मिटलेले दिसत होते. अपस्माराच्या फिटमध्ये बहुतेकदा ते उघडे असतात.

---

रानपाखरू

कवडसा, लिहिलंस ते फार बरं केलंस.

डॉक्टर, एक प्रश्न. फिट चौथ्या मिनिटाला थांबली तर स्प्रे द्यायचा का? आणि दिल्यावर पुन्हा आली तर?

---

भूलतज्ज्ञ

फिट थांबली असेल आणि तो हळूहळू शुद्धीवर येत असेल तर सहसा नाही. वेगळी सूचना असलेली मुलं असतात: ज्यांच्या फिट पूर्वी लांबल्या आहेत किंवा ज्यांना एका दिवसात मालिका येते, त्यांना डॉक्टर आधीच द्यायला सांगतात. दुसरा डोस लेखी सांगितला असेल तरच. औषध दिल्यावर पाचेक मिनिटांत थांबली नाही, थांबून पुन्हा आली, श्वास किंवा रंग बिघडला, दुखापत झाली, किंवा औषध आयुष्यात पहिल्यांदाच दिलं, तर रुग्णवाहिका. आणि आलेल्या माणसांना औषध, मिलिग्रॅम आणि वेळ सांगा, नाहीतर तेही तेच औषध पुन्हा देतील.

---

निळी_छत्री

वडिलांचं वय सत्तरीपुढे. पक्षाघातानंतर फिट सुरू झाल्या. रुग्णालयातून घरी आले तेव्हा फिटच्या औषधाबरोबर रात्रीसाठी क्लोनाझेपामही होतं. पहाटे लघवीला उठताना पडले. पुन्हा पडले. आम्ही बाथरूममध्ये दांड्या बसवल्या, दिवे लावले. शेवटी त्यांच्या वृद्धांच्या डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडल्या. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची मिळून झोप आणणारी चार औषधं निघाली. क्लोनाझेपाम हळूहळू उतरवलं. पडणं जवळजवळ थांबलं आणि फिट वाढल्या नाहीत. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं नाही, पण सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसाने एकदा तरी बघायला हव्यात.

---

पाऊलवाट

बऱ्याच दिवसांनी येते आहे. मधल्या काळात मी एका वहीत झापडेची नोंद ठेवली. गोळी कधी घेतली, झापड कधी आली, कधी उतरली, त्या दिवशी काय जमलं नाही. चांदणवेलने म्हटल्याप्रमाणे तिन्ही औषधांची वेळ लिहिली. वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच भेटीचा बहुतेक वेळ गुंगीवर गेला.

क्लोबाझामचा सकाळचा डोस कमी करून रात्रीचा थोडा वाढवला आहे. दुसऱ्या एका औषधाची रक्तातली पातळी तपासली, ती वरच्या टोकाला निघाली, तेही सावकाश कमी करतो आहोत. आता साडेनवापर्यंत डोकं साफ होतं. शब्द अजून हरवतात. फिट आलेली नाही. आयसीयूतल्या दिवसांची डायरी आई आणि भाऊ मिळून लिहीत आहेत, दोघांच्या आठवणी जुळत नाहीत म्हणून भांडतात.

तिथून बाहेर पडल्यावर मला लेखी आपत्कालीन योजना दिलीच नव्हती हेही या भेटीत लक्षात आलं. आता मागितली आहे. रानपाखरू, तुमच्या कागदावर काय काय आहे?

---

माळरान

मलाही हवं आहे. माझी भेट पुढच्या आठवड्यात.

---

रानपाखरू

आमच्या कागदावर वर त्याचं नाव, वजन आणि वजन कधी केलं ती तारीख, कारण डोस वजनावर आहे आणि मूल वाढतं. त्याची फिट कशी दिसते ते दोन ओळींत, म्हणजे अनोळखी माणसालाही ओळखता येईल. रोजची औषधं डोससकट. मग स्प्रे: किती मिनिटांनी, किती पफ, एका पफमध्ये किती मिलिग्रॅम, दुसरा द्यायचा की नाही. त्याखाली रुग्णवाहिका कधी बोलवायची, आणि त्याला कुठलं औषध चालत नाही. शेवटी डॉक्टरांची सही, तारीख, आणि स्प्रेची मुदत कधी संपते ते. मुदतीचं मी फोनमध्येही लावून ठेवलं आहे.

मोठ्यांच्या कागदावर मी अजून एक ओळ घालेन: नंतर किती तास गाडी चालवायची नाही, आणि त्या दिवशी सोबत कोण थांबणार. माळरान, तुमच्या झोपेत येतात तर रात्री घरात कोणाला जाग येईल तेही डॉक्टरांशी बोला, त्यासाठी हालचाल ओळखून गजर देणारी उपकरणं मिळतात.